एका विरोधी मताचा अर्थ

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकावरील मतविभागणीचा निकाल जाहीर झाला : १८६ विरुद्ध १. आदल्या दिवशी, जागतिक महिला दिनी, याच सभागृहात विधेयकाच्या प्रती फाडून सभापतींच्या आसनाकडे भिरकावण्यात आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले आणि सभागृह सोडण्यास नकार देताच मार्शलांनी त्यांना उचलून बाहेर नेले. वरिष्ठ सभागृहाच्या लौकिकाला शोभणारे ते दृश्य नव्हते. परंतु चौदा वर्षे रखडलेले विधेयक एका सभागृहात तरी संमत झाले या समाधानात त्याची फारशी खंत कुणी केली नाही.

त्या एका विरोधी मताकडे मात्र तेव्हाही पुरेसे लक्ष गेले नाही. ते मत गोंधळ घालणाऱ्यांपैकी कुणाचे नव्हते. आपल्या जागेवर शांतपणे बसून विरोधात मत देणारे ते सदस्य होते शेतकरी संघटनेचे संस्थापक आणि स्वतंत्र भारत पक्षाचे नेते शरद जोशी.

जोशींना स्त्रीविरोधी ठरवणे महाराष्ट्रात कुणालाही शक्य नव्हते. भारतीय टपाल सेवेतील अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेत नोकरी, ती सोडून चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू शेती, असा प्रवास केलेल्या या नेत्याने नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. शेतकरी स्त्रियांचा एवढा मोठा मेळावा देशाने तोपर्यंत क्वचितच पाहिला असेल. स्थानिक निवडणुकांत केवळ स्त्रियांची पॅनेले उभी करण्याचा प्रयोग संघटनेने केला. त्याहून महत्त्वाची ठरली ती 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम. शेतकऱ्याने आपल्या हयातीतच जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करावा आणि ज्या गावात अशी शंभर कुटुंबे निघतील ते लक्ष्मीमुक्ती गाव म्हणून जाहीर व्हावे, अशी ती योजना होती. सातबाऱ्यावर बायकोचे नाव चढवायला नवरा स्वखुशीने तलाठ्याकडे जातो, ही घटना ज्यांनी महसूल खात्यात नोकरी केली आहे त्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

असा माणूस विरोधात मत देतो, तेव्हा त्याचा अर्थ स्त्रीवादाच्या शत्रूंच्या यादीत शोधून सापडत नाही. जोशींचा मुख्य आक्षेप आरक्षणाच्या यंत्रणेवर होता. त्या विधेयकात राखीव मतदारसंघ प्रत्येक निवडणुकीला फिरते राहणार होते. एक तृतीयांश जागा या वेळी राखीव झाल्या की पुढच्या वेळी दुसऱ्या एक तृतीयांश जागांची पाळी. म्हणजे निवडून आलेल्या स्त्रीला पाच वर्षांनी आपला मतदारसंघ खुला होणार हे ठाऊक, आणि शेजारच्या मतदारसंघातील पुरुषाला आपला जाऊ शकतो याची धास्ती. बदलीचा हुकूम खिशात घेऊनच रुजू झालेला अधिकारी जिल्ह्यात कसे काम करतो, हे सरकारी नोकरीतील वाचक जाणतात. मतदारसंघ बांधणे, त्याची निगा राखणे, पुन्हा कौल मागायला जाणे हा लोकप्रतिनिधित्वाचा गाभा अशा रचनेत टिकत नाही, हा युक्तिवाद चूक म्हणता येत नव्हता.

आरक्षणाविषयीची ही साशंकता स्त्री चळवळीला परकी नव्हती. उलट तिचा उगम चळवळीतच आहे. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत बोलताना हंसा मेहता यांनी स्पष्ट केले होते, की भारतीय स्त्रियांनी राखीव जागा, कोटा किंवा स्वतंत्र मतदारसंघ कधीच मागितले नाहीत. त्यांना हवा आहे तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. संविधान सभेतील पंधरा स्त्रियांची सर्वसाधारण भूमिका तीच राहिली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या पिढीला सवलत हा शब्दच अपमानास्पद वाटत होता. केंद्र सरकारने नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने १९७४ मध्ये अहवाल दिला, तेव्हाही बहुमत विधिमंडळातील आरक्षणाच्या विरोधातच होते. लतिका सरकार, वीणा मजुमदार यांच्यासारख्या सदस्यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. न्याय मिळेल म्हणून स्त्रिया पाव शतक थांबल्या, पण लोकसभेतील त्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिले, हे वास्तव त्यांना दिसत होते. पुढे चळवळीचा बहुतांश भाग याच भिन्नमताच्या बाजूला सरकला. स्त्रीवाद हा एकसाची विचार असल्याचे गृहीत धरून त्याचे गुणदोष मोजणाऱ्यांनी या अंतर्गत वादाकडे पाहायला हवे.

१२ सप्टेंबर १९९६ रोजी देवेगौडा सरकारने ८१ व्या घटनादुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडले. ते मांडणारे विधी राज्यमंत्री होते गोव्याचे रमाकांत खलप. विधेयक भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले आणि तीन महिन्यांत अहवाल आलाही. समितीत सुषमा स्वराज, ममता बॅनर्जी, उमा भारती यांच्याप्रमाणेच शरद पवार आणि नीतीश कुमार होते. नीतीश कुमार यांनी इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी वेगळी तरतूद नसल्याबद्दल भिन्नमत नोंदवले. समितीने सरकारला यथावकाश त्याचा विचार करण्याची शिफारस केली. ते 'यथावकाश' पुढे फार महाग पडले.

नंतरचा इतिहास संसदेच्या कामकाजातील उद्वेगजनक प्रकरणांपैकी एक आहे. १९९७ मध्ये शरद यादव यांनी विधेयकाच्या समर्थक स्त्रियांना 'परकटी' म्हणून हिणवले. केस कापलेल्या शहरी बाया आमच्या स्त्रियांचे काय प्रतिनिधित्व करणार, असा त्यांचा रोख होता. जुलै १९९८ मध्ये राष्ट्रीय जनता दलाच्या सुरेंद्र प्रसाद यादव यांनी विधेयकाची प्रत हिसकावून फाडली. १९९९ मध्ये पुन्हा मांडणी, पुन्हा व्यपगत. मे २००८ मध्ये विधिमंत्री हंसराज भारद्वाज राज्यसभेत विधेयक मांडत असताना काँग्रेसच्या महिला मंत्र्यांना त्यांच्याभोवती कडे करावे लागले. प्रत्येक वेळी गोंधळ घालणारे मोजकेच असत. त्या गोंधळामुळे मनातून सुटकेचा श्वास टाकणारे मात्र सर्व पक्षांच्या बाकांवर होते, आणि त्यांचा आवाज कोणत्याही इतिवृत्तात उमटलेला नाही. २०१० मध्ये राज्यसभेने संमत केलेले विधेयक लोकसभेत चर्चेला आलेच नाही आणि २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर तेही संपले.

'परकटी' हा शब्द जितका ओंगळ होता तितकाच त्यामागील प्रश्न टाळता न येणारा होता, ही या वादातील खरी अडचण. आरक्षणाचा लाभ कोणत्या स्त्रीला? अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागांमध्ये एक तृतीयांश जागा त्या समाजातील स्त्रियांना मिळणार होत्या. इतर मागासवर्गीयांना लोकसभेत मुळात आरक्षणच नसल्याने त्यांच्या स्त्रियांना ते कसे द्यावे, हे सरकारी उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होते. तथापि पंचायतींच्या बाबतीत घटनेने राज्यांना तशी मुभा दिली होती आणि महाराष्ट्राने ती वापरलीही होती. हा प्रश्न विचारणारे पुरुष संशयास्पद होते म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. तोच प्रश्न स्त्रियांनी कितीतरी आधी विचारला होता. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास नोंदवणारे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ चे. दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ १९९५ मध्ये उभा राहिला, तो मुख्य प्रवाहातील स्त्री चळवळ आपले म्हणणे मांडत नाही या जाणिवेतून. स्त्रीवादाची एक मोठी उणीव त्यांनी आतून दाखवून दिली : 'स्त्री' म्हणताना डोळ्यांसमोर येणारी स्त्री बहुधा उच्चवर्णीय आणि शहरी असते. उमा भारती आणि मायावती या दोन अगदी भिन्न नेत्या या एका मुद्द्यावर एकाच बाजूला होत्या, ही गोष्ट बोलकी आहे.

सभागृहाबाहेर, विशेषतः राजधानीतील सरकारी वसाहतींमध्ये, स्त्रीवादाविषयीची नाराजी या मार्गाने येत नाही. तेथे विषय निघतो तो भारतीय दंड संहितेच्या ४९८ अ या कलमाचा. १९८३ मध्ये हुंडाबळींच्या बातम्यांनी देश हादरलेला असताना आलेले हे कलम. त्याच्या गैरवापराला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये 'कायदेशीर दहशतवाद' म्हटले आणि २०१४ मध्ये सरसकट अटकेवर बंधने घातली. २०१७ मध्ये तक्रारींची छाननी कुटुंब कल्याण समित्यांकडे देण्याचा निर्देश आला, तो २०१८ मध्ये न्यायालयानेच मागे घेतला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद ८५ आणि ८६ या कलमांत जशीच्या तशी राहिली. निरपराध सासू-सासऱ्यांना पोलिस ठाण्यात बसावे लागले, हे खरे. पण अटकेचा अधिकार विवेकाने वापरणे हे काम पोलिसांचे होते. त्यांच्या आळसाचे खापर सर्रास स्त्री चळवळीच्या माथी फुटले. कायदा आणायचा आणि तो राबवणारी यंत्रणा जुनीच ठेवायची, ही आपली जुनी रीत. तिचा प्रत्यय पंचायतींमध्येही येतो.

स्त्रीवादाच्या जमाखर्चाचा सर्वांत विश्वासार्ह ताळेबंद मिळतो तो पंचायतींत. महाराष्ट्राने १९९० मध्येच स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन देशभर एक तृतीयांश आरक्षण आले. बिहारने २००६ मध्ये ते पन्नास टक्क्यांवर नेले, महाराष्ट्राने २०११ मध्ये. आज पंचायतींत निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या चौदा लाखांहून अधिक, म्हणजे एकूण प्रतिनिधींच्या सुमारे ४६ टक्के आहे.

या स्त्रियांनी काय केले? राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढे नोबेल मिळवणाऱ्या एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम व राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यांतील पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. कोणते प्रमुखपद स्त्रीकडे जाणार हे आरक्षणाच्या चक्राने ठरत असल्याने तुलना निर्दोष होती. जेथे स्त्री प्रमुख होती तेथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला. स्त्रियांच्या तक्रारींत पाणीच अग्रभागी होते. बंगालमधील नंतरच्या अभ्यासांत दिसले, की सलग दोनदा स्त्रीप्रमुख पाहिलेल्या गावांत आरक्षण उठल्यावरही स्त्रिया निवडून येण्याची शक्यता वाढते, आणि मुलींविषयीच्या पालकांच्या अपेक्षाही बदलतात. जोशींचा आक्षेप ज्या फिरत्या आरक्षणावर होता, त्याच्याच पोटातून हा लाभ निघाला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. अर्थात गावाचा हिशेब दहा-बारा लाख मतदारांच्या मतदारसंघाला जसाच्या तसा लागू पडेल, असे मानण्याचे कारण नाही.

खर्चाची बाजूही लहान नाही. 'सरपंचपती' हा शब्द उत्तर भारतात आता शासकीय पत्रव्यवहारातही रूढ झाला आहे. शिक्का पत्नीचा, खुर्ची पतीची. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाला २०२३ मध्ये या प्रकारावर समिती नेमावी लागली. गंमत अशी, की या पतिराजांना सर्वाधिक सोयीचे मानणारा वर्ग तालुका पातळीवरील कर्मचाऱ्यांचा आहे. बाईंशी बोलण्याऐवजी साहेबांशी बोलून काम उरकणे त्यांना बरे वाटते. आणि जी स्त्री स्वतः कारभार करू लागते तिच्यावर अविश्वास ठराव येतो किंवा अपात्रतेची तक्रार होते. जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचाला सरकारी जमिनीवरील घरात राहत असल्याच्या तक्रारीवरून पदावरून दूर करण्यात आले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पुन्हा पदावर बसवले आणि गावकऱ्यांना मुळात स्त्री सरपंचच पचली नसल्याचे ताशेरे ओढले.

एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणारे कायदेही आलेच. दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेल्यांना पंचायतीची निवडणूक लढवण्यास मनाई करणारा हरियाणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवला. किती मुले व्हावीत हे ज्या घरांत स्त्री ठरवत नाही, तेथे शिक्षा मात्र तिला. २०१५ मध्ये त्याच राज्याने उमेदवारांसाठी किमान शिक्षणाची अट घातली : सर्वसाधारण गटातील स्त्रीसाठी आठवी पास. तीही वैध ठरली. खेड्यातील प्रौढ स्त्रियांपैकी आठवी पास किती, याचा विचार करणारा विधिमंडळात कुणी नव्हता. संसदेत पोहोचण्यासाठी मात्र कोणतीही शैक्षणिक अट नाही.

ईशान्येत वादाने वेगळेच वळण घेतले. नागालँडमध्ये नगरपालिकांत स्त्रियांना ३३ टक्के जागा देण्याच्या निर्णयाविरुद्ध जानेवारी-फेब्रुवारी २०१७ मध्ये हिंसाचार झाला, दिमापूरला दोघांचा बळी गेला, कोहिमातील पालिकेची इमारत जाळली गेली आणि मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग यांना पद सोडावे लागले. विरोधकांचा आधार होता अनुच्छेद ३७१ अ ने संरक्षिलेला नागा रूढीकायदा. नागा स्त्रियांच्या संघटनांनीच न्यायालयात लढा दिलेला असल्याने, बाहेरून लादलेला स्त्रीवाद हा आरोप तेथे टिकत नव्हता. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या या राज्याच्या विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया पोहोचल्या त्या २०२३ मध्ये. आणि ३३ टक्के आरक्षणासह पालिका निवडणुका जून २०२४ मध्ये पार पडल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या संसद भवनात चित्र पूर्ण पालटलेले होते. २० सप्टेंबर रोजी लोकसभेने विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी, तर दुसऱ्या दिवशी राज्यसभेने २१४ विरुद्ध ० मतांनी संमत केले. ती दोन मते होती असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांची. मुस्लिम आणि इतर मागासवर्गीय स्त्रियांचा समावेश नाही, हा त्यांचा आक्षेप. विरोधातील मतांत महाराष्ट्राचा सदस्य असण्याची ही दुसरी वेळ. त्याहून लक्षवेधी ठरली ती काँग्रेसची कोलांटी. २०१० मध्ये कोट्यांतर्गत कोट्याला ठाम नकार देणाऱ्या पक्षाच्या वतीने सोनिया गांधींनी लोकसभेत तोच कोटा मागितला, आणि दोन दिवसांनी राहुल गांधींनी २०१० च्या भूमिकेबद्दल खेदही व्यक्त केला. १९९६ मधील नीतीश कुमारांच्या भिन्नमताला सत्तावीस वर्षांनी असा वारस मिळाला.

कायद्याचा मसुदा बारकाईने वाचणाऱ्यांना आणखी एक बदल दिसला. १०६ व्या घटनादुरुस्तीत राखीव जागा प्रत्येक निवडणुकीला फिरत नाहीत. प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर फिरतात. म्हणजे जोशींनी ज्या मुद्द्यावर एकट्याने विरोधी मत दिले होते तो बऱ्याच अंशी मान्य झाला. त्याचे श्रेय चर्चेत कुणी त्यांना दिले नाही, आणि डिसेंबर २०१५ मध्ये निधन झालेल्या जोशींना त्याची गरजही उरली नव्हती. मात्र याच दुरुस्तीने आरक्षणाची सुरुवात कायद्यानंतरच्या पहिल्या जनगणनेला आणि तिच्या आधारे होणाऱ्या पुनर्रचनेला बांधली. जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, ती १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून. आणि पुनर्रचना म्हटली की दक्षिणेकडील राज्यांना आपल्या जागांचे प्रमाण घटण्याची भीती. स्त्रियांच्या प्रश्नाच्या गळ्यात उत्तर-दक्षिण वादाचे लोढणे आले, ते असे.

राजकीय पक्षांना यापैकी कशाचीच अडचण नव्हती. बिजू जनता दलाने २०१९ मध्ये ओडिशातील २१ पैकी ७, तर तृणमूल काँग्रेसने पश्चिम बंगालमधील ४२ पैकी १७ उमेदवाऱ्या कोणत्याही कायद्याविना स्त्रियांना दिल्या होत्या. ४५४ मतांच्या त्या दिवसानंतर सात महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली, तेव्हा एकूण उमेदवारांत स्त्रिया सुमारे दहा टक्केच होत्या. सतराव्या लोकसभेवर ७८ स्त्रिया निवडून आल्या होत्या; अठराव्या लोकसभेवर ७४ आल्या. तृणमूलच्या निवडून आलेल्या २९ खासदारांत ११ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रातून गेलेल्या ४८ खासदारांत ७.